पांढऱ्या पिंपापर्यंत

नाना सरळ पोहत नसत. पाण्यात पडले की गोल फिरायचे, तेही कायम डावीकडून, घाण्याला जुंपलेल्या बैलासारखे. आमच्या सोनगीरच्या पट्ट्यात त्यांच्याइतका पाण्यातला माणूस दुसरा नव्हता, हे कोणीही शपथेवर सांगेल. पण तो माणूस गोल पोहायचा, हेही तितकंच खरं. कारण साधं होतं. जन्मभर ते विहिरीतच पोहले. विहीर गोल, म्हणून नाना गोल. पाण्याला समोरचा काठ असतो आणि तो लांब असू शकतो, ही गोष्ट त्यांना पंचेचाळिसाव्या वर्षी कळली. कळली ती माझ्यामुळे. पुढं जे झालं तेही निम्मंशिम्मं माझ्यामुळेच.

खरं नाव रेशनकार्डावर असेल. लोक त्यांना बुडीनाना म्हणायचे. बुडी मारायची आणि विहिरीत पडलेलं वर आणायचं, हा त्यांचा उद्योग. बादली, कळशी, मोटारीचा पाईप, एकदा तर ऐन हळदीच्या दिवशी नवरीची पाटली. सायकलच्या कॅरिअरला कायम एक जाड दोर गुंडाळलेला आणि त्यात लोखंडी आकड्यांचा गळ. पण गळ ते क्वचितच टाकायचे. म्हणायचे, "लोखंडले काय समजस? हातले समजस." विहिरीच्या काठावर चपला काढायच्या, वाकून आत बघायचं आणि विचारायचं, "काय वं माय, उतरू का?" मग कान देऊन ऐकायचे. मी एकदा विचारलं, "काय म्हणाली हो नाना?"

"काय म्हनी! बडबड बंद कर नि उतर म्हनी."

बादली काढली की त्या घरची भाकरी आणि ठेचा हक्कानं खायचे. पण कधीकधी त्यांना बादलीसाठी बोलावलेलं नसायचं. गावातलं कोणी धावत यायचं, नुसतं दारात उभं राहायचं, काही बोलायचं नाही. नानाही काही विचारायचे नाहीत. सायकल काढायची आणि निघायचं. माणूस काढलं की त्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. ओल्या अंगानं घरी यायचे, उंबऱ्याच्या बाहेर बसायचे, आणि त्यांची बायको, आमची अक्का, मागून दोन घागरी ओतायची. मग आत. त्यानंतर चार-सहा दिवस ते मोठ्यानं बोलायचे नाहीत. मुकाट जेवायचे, मुकाट सायकल पुसायचे.

आणि त्यांची एक रीत होती, ती मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. ज्या घरातलं माणूस काढलं, त्या घरी ते चौदावा दिवस उलटला की पुन्हा जायचे. ओट्यावर बसायचे आणि म्हणायचे, "पोरं द्या." घरात जेवढी लहान पोरं असतील तेवढी घ्यायची, त्याच विहिरीवर न्यायची आणि पोहायला शिकवायची. बायका रडायच्या, म्हाताऱ्या शिव्या घालायच्या, त्याच विहिरीत कशाला म्हणून. नाना म्हणायचे, "मंग कोनती विहीर? भ्या जठे बसस तठेच उठस." भीती जिथं बसते तिथूनच उठते, एवढंच त्यांचं शास्त्र.

मी त्यांना तसाच सापडलो. माझी काकू पाणी शेंदताना पाय घसरून गेली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. नाना आले, ओट्यावर बसले, "पोऱ्या द्या" म्हणाले. आजोबांनी नुसती मान हलवली. माझ्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून नानांनी मला पायऱ्यांवरून खाली नेलं. मी असा भोकाड पसरला की वरची कबुतरं उडाली. नानांनी खूप वेळ रडू दिलं. मग म्हणाले, "तू म्हने मास्तरनी नक्कल करस?"

मी हुंदके देत म्हटलं, "हो."

"कर मंग."

"आता? इथं?"

"रडता रडता नक्कल व्हत नही. करी दखाड."

मी छातीभर पाण्यात उभा राहून आमच्या हेडमास्तरांचा आवाज काढला. "कोण आहे रे तो शेवटच्या बाकावर!" विहिरीत तो असा घुमला, असा घुमला की हेडमास्तर स्वतः असते तर उभे राहिले असते. नाना पोट धरून हसले. मीही हसलो. आणि तेवढ्यात त्यांनी मला ढकललं. अशा रीतीनं मी पोहायला शिकलो आणि नकल्या झालो, दोन्ही एकाच दिवशी, एकाच विहिरीत. नाना मला तेव्हापासून नकल्याच म्हणायचे.

पुढं मी धुळ्याला कॉलेजात गेलो आणि अभ्यास सोडून सगळ्यांचे आवाज काढले. एसटीचा कंडक्टर, किराण्याचे मारवाडी शेठ, प्राचार्य, रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्या बाई. म्हशीच्या आवाजाला गॅदरिंगमध्ये बक्षीस मिळालं. प्राचार्यांच्या आवाजाबद्दल काय मिळालं ते इथं सांगत नाही. सांगायचा मुद्दा, धुळ्यात कुठं कार्यक्रम असला की मला माईकवर बोलावायचे.

ऐंशीनंतरची चार-पाच वर्षं उलटली असतील. धुळ्यातल्या एका क्रीडा मंडळानं नवा पोहण्याचा तलाव बांधला. निळ्या फरशीचा, पायऱ्या-बियऱ्या, सगळं. उद्घाटनाआधी गाजावाजा व्हावा म्हणून त्यांनी एक शर्यत ठेवली. पत्रकावर 'ट्रायथलॉन' असा शब्द होता. आमच्या गावात तो कोणाच्याच तोंडात बसला नाही, म्हणून सगळे 'तिनकामी' म्हणायचे. पहिलं काम, शहराबाहेरच्या धरणात पोहणं. लाल पिंप ओलांडून पार पलीकडच्या पांढऱ्या पिंपाला वळसा घालायचा आणि परत. दुसरं काम, सायकलवर हायवेनं सोनगीरपर्यंत जायचं आणि यायचं. तिसरं काम, मंडळाच्या मैदानापर्यंत पळायचं. आणि पत्रकाच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं की जिल्ह्यातल्या पहिल्या दोघांना नव्या तलावावर शिकवायचं आणि राखणीचं कायमचं काम मिळेल.

मी ते पत्रक नानांना वाचून दाखवलं. गंमत म्हणून. नाना विहिरीच्या कठड्यावर बसून पाय वाळवत होते. म्हणाले, "परत वाच."

मी पुन्हा वाचलं.

"ते खालचं वाच."

खालचंही वाचलं. त्यांनी पत्रक हातात घेऊन उलटंपालटं केलं. मग म्हणाले, "आतेपावत मी बठ्ठं मरेलच काढं रे नकल्या. जित्तं माणूस पानीमा ठेवानं काम कधी कोन्ही दिन्हं नही."

मी काहीतरी फालतू बोललो. बहुतेक प्राचार्यांच्या आवाजात. ते हसले नाहीत. म्हणाले, "लिख मनं नाव."

शर्यतीची त्यांना जरासुद्धा धास्ती नव्हती. म्हणाले, "मी तं रोज हाईच करस. सायकल दामटस, खेतमातून पयस, पानीमा पडस. त्या लोकस्नी फक्त उलटं करेल शे." आणि ते खरंच होतं. धास्ती मला वाटली, जेव्हा मी त्यांना पहिल्यांदा धरणावर घेऊन गेलो. नाना पाण्यात शिरले, झपाझप हात मारले आणि पाच मिनिटांनी म्हशी बसल्या होत्या तिथं, काठाला लागले. निघाले होते पिंपाकडे.

"नाना, तुम्ही वाकडे जाताय!"

"मी नही. पानी सरकी ऱ्हायनं!"

पुन्हा गेले, पुन्हा म्हशींपाशी. तिसऱ्यांदा म्हशीसुद्धा ओळखीनं बघायला लागल्या. माझी हसून हसून मुरकुंडी वळली, आणि नाना कमरेभर पाण्यात उभे राहून पहिल्यांदाच घाबरलेले दिसले. "मंग आते?" म्हणाले.

मग आम्ही तोड काढली. दर चार हातांनी डोकं वर काढायचं आणि समोरच्या टेकाडावरचं एकटं लिंबाचं झाड बघायचं. झाड नाकासमोर आहे ना, मग मार हात. शर्यतीच्या दिवशी येताना काठावरचा मांडव बघायचा. दीड महिना आम्ही रोज पहाटे जायचो. ते पोहायचे आणि मी काठावरून शर्यतीची तालीम करायचो. मंडळाचे चिटणीस म्हणून एक गृहस्थ होते, सज्जन माणूस, पण बोलण्याआधी नाक ओढायचे आणि प्रत्येक वाक्याला 'खेळाडू बंधूंनो' लावायचे. मी त्यांचा आवाज धरला. नाना अर्ध्यात पोहोचले की मी ओरडायचो, "सूं... खेळाडू बंधूंनो, क्रमांक सतरा बाद! परत फिरा!" पहिल्या दिवशी नाना खरंच फिरले. बाहेर येऊन मला पाण्यात फेकलं. त्यानंतर ते फिरेनासे झाले. मी बोंबलायचो, ते हात मारत राहायचे, आणि बाहेर आल्यावर म्हणायचे, "तुना आवाजले मी भीक घालत नही." सरळ पोहायला लागले होते नाना. बाणासारखे. अक्का मला म्हणाली, "झोपमा बी हात मारतस रे, मनं डोकं फुटी एक दिन."

शर्यत मे महिन्याच्या शेवटी होती. आमच्याकडे त्या दिवसांत वावटळी उठतात, पण दुपारनंतर. सकाळी धरण आरशासारखं असतं, म्हणून शर्यत सकाळची. त्या दिवशी मात्र उजाडायच्या आधीपासूनच वारं सुटलं होतं. पश्चिमेकडून धुळीचे लोट येत होते. मांडवाचं कापड फडफडून फाटायला आलं होतं. पाण्यावर लाटा होत्या. धरणावर लाटा मीही कधी पाहिल्या नव्हत्या. नानांनी तर जन्मात वाऱ्यातलं पाणी पाहिलं नव्हतं. विहिरीत वारा उतरतो कुठं?

ते काठावर उभे होते. बाकीची वीसेक पोरं कॉलेजातली, तालमीतली, अंगाला तेल लावलेली, घट्ट चड्ड्या घातलेली. त्यात नाना पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत, छातीवर रंगानं सतरा लिहिलेला. त्यांच्या सायकलवरचा दोर आणि गळ काढा म्हणून एक कार्यकर्ता मागं लागला होता.

"काका, वजन होईल. काढून ठेवा."

"नही काढाव. वाटमा कोन्ही विहीरमा पडनं तं?"

"शर्यतीत कोण पडतंय विहिरीत?"

"पडनारं शर्यत दखीसन पडस का?"

कार्यकर्ता गेला. मी नानांजवळ गेलो. ते समोर टेकाडाकडे बघत होते. टेकाड धुळीत गेलं होतं. झाड दिसत नव्हतं.

"नकल्या, झाड गयं रे."

मी म्हटलं, "झाड गेलं तर गेलं. माईक माझ्याकडे आहे. तुम्ही वाकडे गेलात की मी ओरडेन. माझ्या आवाजावर या."

"तुना आवाजवर," ते म्हणाले. मान हलवली. खूश झाले.

माईक खरंच माझ्याकडे होता. लोक जमले होते, शर्यतीला उशीर होत होता, चिटणीसांनी मला लोकांना हसवायला सांगितलं होतं. मी काय कमी? कंडक्टर केला, म्हैस केली, आणि मग चिटणीसांनाच केलं. "सूं... खेळाडू बंधूंनो, वारा मंडळाच्या परवानगीशिवाय आलेला आहे, त्याला बाद करण्यात येत आहे!" लोक लोळले. चिटणीस स्वतः हसले. पाण्याच्या कडेला उभे असलेले नानाही हसले, माझ्याकडे बघून हात हलवला. शिट्टी झाली आणि सगळे पाण्यात पडले.

पहिली काही मिनिटं ठीक गेली. मग वारा इतका वाढला की लाटांत डोकी दिसेनात. नानांचं डोकं तेवढं मला ओळखू यायचं, कारण ते एकटेच दर चार हातांनी मान वर काढत होते. ते वाकडे चालले की मी ओरडायचो, "सतरा, उजवीकडे!" आणि ते वळायचे. ऐकत होते. पुढच्या चार-पाचांत होते. तेवढ्यात चिटणीस धावत आले, माझ्या हातातला माईक घेतला आणि बोलले.

"सूं... खेळाडू बंधूंनो, वाऱ्यामुळे पोहण्याचं अंतर कमी करण्यात आलेलं आहे. सर्वांनी लाल पिंपाला वळसा घालून परत फिरायचं आहे. पांढऱ्या पिंपापर्यंत कोणीही जाऊ नये."

दोनदा बोलले. सगळी डोकी लाल पिंपापाशी वळली. एक डोकं वळलं नाही. ते लाल पिंपापाशी आलं, मान वर काढली, आवाजाच्या दिशेनं एक हात उचलून मला दाखवल्यासारखं हलवला, आणि पुढं निघालं.

मला त्याच क्षणी कळलं. एवढ्या धुळीतसुद्धा त्या उचललेल्या हाताचा अर्थ मला स्पष्ट दिसला. तुना आवाजले मी भीक घालत नही.

मी माईक हिसकावला. "नाना, मी नाही! खरोखरचे साहेब आहेत! नाना, फिरा!" दोनदा ओरडलो असेन. मग वाऱ्यानं कर्ण्याचा बांबूच खाली आणला. वायर तुटली. मी काठावर धावलो आणि नुसत्या घशानं ओरडत राहिलो. माझा आवाज माझ्याच तोंडात परत येत होता. नाना त्या लाटांतून पांढऱ्या पिंपाकडे चालले होते, झाड नाही, आवाज नाही, काही नाही. आणि सांगायला नको, सरळ चालले होते.

एकेक पोरगं बाहेर आलं, सायकल घेऊन गेलं. काठ रिकामा झाला. लोकही सायकलींच्या मागं रस्त्याकडे गेले. नाना बाहेर आले तेव्हा तिथं मी आणि तो कार्यकर्ता, एवढेच होतो. नाकातोंडात पाणी गेलं होतं, धाप लागली होती, पण चेहरा असा फुललेला मी कधीच पाहिला नव्हता. माझे दोन्ही खांदे धरले.

"कोन्हीच नही व्हतं मना पुढे! पांढरा पिंपपाशी मी एकलाच! मी पहिला ना रे?"

मी नुसता पंचा पुढं केला. एरवी बारा लोकांचे आवाज काढणारा मी. नाना माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागले. तिथं सायकली लावायला बल्ल्या बांधल्या होत्या. एकच सायकल उभी होती. दोरवाली.

"बठ्ठ्या सायकली कोठे गयात?" त्यांनी विचारलं.

कार्यकर्त्यानं सांगितलं. नानांनी ऐकून घेतलं. माझ्याकडे बघितलं. चपला घातल्या, सायकल काढली आणि निघाले.

मी मित्राची लूना घेऊन मागं गेलो. सोनगीरला जाताना वारा आडवा होता, येताना फिरला आणि तोंडावर आला. ट्रक गेला की सायकल हातभर सरकायची. तालमीतली दोन पोरं रस्त्याच्या कडेला बसली होती, एक रडत होता. नाना पायडलवर उभे राहून, डोकं हँडलला टेकवून, एकेकाला मागं टाकत चालले होते. दुप्पट पोहलेला पंचेचाळीस वर्षांचा माणूस. मी बाजूनं ओरडलो, "नाना, सातवे!" मग, "नाना, पाचवे!" सायकल टाकून पळायला लागले तेव्हा चौथे होते. मैदानाच्या फाटकात त्यांनी एकाला गाठलं. पुढचा दोन विजेच्या खांबांमधल्या अंतराएवढा लांब होता. तेवढाच लांब राहिला.

तिसरे आले नाना.

मी चिटणीसांकडे गेलो. म्हटलं, साहेब, हा माणूस पत्रकात लिहिलेलं सगळं अंतर पोहलाय. ते बिचारे खरोखर हळहळले. म्हणाले, "अरे, पण मी दोनदा सांगितलं. बाकी सगळ्यांनी ऐकलं. यांनी का नाही ऐकलं?"

हे उत्तर द्यायची ती वेळ होती. मी खाली बघितलं. म्हणालो, "वाऱ्यानं ऐकू गेलं नसेल." चिटणीसांनी मान डोलावली आणि दुसऱ्या कामाला लागले. आयुष्यात मी एवढ्या लोकांच्या आवाजात बोललो, पण स्वतःच्या आवाजात बोलायचं होतं तेव्हा हे बोललो.

संध्याकाळी आम्ही दोघं गावाकडे निघालो. वारं पडलं होतं. नाना सायकल हातात धरून चालत होते. अर्धा रस्ता गेल्यावर माझ्यानं राहवलं नाही. "नाना, तुम्हाला तो माझा आवाज वाटला ना?"

ते थांबलेच नाहीत. म्हणाले, "नही रे. सायबच शे, हाई माले समजनं व्हतं. पन कागदवर पांढरं पिंप लिखेल व्हतं. लाल पिंपपावत तं मनी म्हैस बी पव्हस."

मी हसलो. तेही हसले. माझ्या छातीवरचा धोंडा असा उतरला की मी तिथंच रस्त्यात दोन-तीन नकला करून दाखवल्या. माणसाला जे हवं असतं ते त्याला लगेच पटतं.

तलाव सुरू झाला त्या आठवड्यात नाना मला म्हणाले, चाल, पाही येऊ. तारेच्या कुंपणाबाहेर उभे राहून आम्ही बघितलं. निळं पाणी, रबरी टायरी, पोरांचा कल्ला. काम मिळालेल्या दोघांपैकी एक पोरगा शिट्टी फुंकत होता, चांगला शिकवत होता. नानांनी तारेत बोटं अडकवली होती. बऱ्याच वेळानं म्हणाले, "तळ दिसस रे." आणखी थोड्या वेळानं, "असा तळ दिसता ना, तं..." आणि वाक्य तसंच सोडून दिलं. पुन्हा ते तिकडे गेल्याचं मला माहीत नाही.

पुढच्या पाच-सहा वर्षांत आमच्याकडच्या विहिरी आटल्या. जो तो बोअर मारायला लागला. नाना म्हणायचे, "चांगलं शे. बोअरमा माणूस पडत नही." पण बादलीही पडत नाही. शेवटी आमच्याकडचे लोक जातात तसे तेही सुरतला गेले. कापडाच्या कारखान्यात रखवालदार. मी तोवर जळगावला नोकरीला लागलो होतो. एकदा त्यांचं दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलेलं कार्ड आलं. इथं पाणी नळाला येतं आणि फार खारं आहे, एवढंच होतं त्यात. मी उत्तर लिहायचं ठरवलं होतं.

त्याच हिवाळ्यात छातीत कफ साचून ते गेले. मला महिन्यानं कळलं. अक्का धरणगावला भावाकडे येऊन राहिली होती. मी रविवारी गेलो. तिनं मला आधी जेवू घातलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेवेची भाजी. समोर बसून वाढत होती आणि नानांबद्दल अगदी साधं-साधं सांगत होती, दोर कोणाला दिला, सायकल कितीला गेली. जेवण झालं आणि ती एकदम हसली.

"भाऊ, तुना आवाजनं त्यास्ले काय कौतुक व्हतं! ती शर्यत नही का व्हयनी, त्या दिन घर उनात, मी आंगवर पानी टाकी ऱ्हायनू नि हाई हसी ऱ्हायनात. म्हने, नकल्यानी सायबना आवाज असा काढा, असा काढा, मी फसनू वं! पार पांढरा पिंपपावत गऊ! म्हने, पोऱ्याले सांगजो नको, त्याले वाईट वाटी." मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "सुरतले बी बठ्ठास्ले सांगेत. मना गावना पोऱ्या, म्हने, असा नक्कल करस का खरा माणूस खोटा पडस."

ती माझं कौतुक करत होती. तिच्या डोळ्यांत कौतुकाशिवाय दुसरं काही नव्हतं. मी ताटातलं मीठ बोटानं गोळा करत बसलो.

"भाऊ," ती म्हणाली, "एकदाव त्यास्ना आवाज काढ ना."

मला वाटलं, नाही म्हणावं. मला ते येत होतं. दहाव्या वर्षापासून येत होतं, पण त्यांच्यासमोर कधी केलं नव्हतं.

"काय बोलू, अक्का?"

"काहीबी. जेवाले वाढ म्हन."

मी तोंड भिंतीकडे केलं. घसा साफ केला.

"वाढ वं," मी म्हणालो, "भूक लागनी."

मागं बांगड्या वाजल्या.

"वाढस," ती म्हणाली, आणि डोक्यावरचा पदर सारखा करून आत चुलीकडे गेली. माझं उष्टं ताट माझ्यासमोर तसंच होतं.